छताचे काम कोणाला द्यावे आणि गळाल्यास काय करावे: खान्देशातील घरमालकांसाठी

खान्देशात छताची परीक्षा पावसाळा घेतो, पण ते नापास होते बहुतेक वेळा उन्हाळ्यातच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो, आणि वळवाची एखादी सर आली की तोच स्लॅब काही मिनिटांत थंड पडतो. दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब तापमानातील ३० अंशांच्या फरकाने साधारण ३ मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. ही हालचाल वर्षानुवर्षे चालू राहिली की कडक प्लास्टरला बारीक भेगा पडतात, कठड्याचा सांधा सुटतो आणि जूनपर्यंत पाण्याची वाट तयार झालेली असते.

पहिल्यांदाच घर बांधणाऱ्या, जुने घर विकत घेतलेल्या किंवा नोकरीनिमित्त जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत नव्याने आलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. गळतीचा वाद पाऊस पडल्यावर सुरू होत असला, तरी त्याचा निकाल काम देताना काय लिहून घेतले आणि काम ताब्यात घेताना काय तपासले यावरच ठरतो. म्हणून वादाच्या पायऱ्या शेवटी आणि आधीची तयारी विस्ताराने दिली आहे.

आधी पाणी कुठून येते ते शोधावे

खाली जिथे ओल दिसते, तिथेच वर छिद्र असते, असे गृहीत धरून काम देऊ नये. पाणी स्लॅबमधील पोकळ जागांतून आणि वायरिंगच्या पाइपांतून कित्येक फूट प्रवास करते, त्यामुळे पंख्याच्या हुकाजवळ ठिबकणारे पाणी कठड्याच्या कोपऱ्यातून आलेले असू शकते. पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो असा की, ओल फक्त पावसाळ्यात दिसते की जानेवारीतही दिसते. हिवाळ्यातही दिसत असेल, तर संशय गच्चीवरच्या टाकीवर, तिच्या पाइपांवर किंवा वरच्या न्हाणीघरावर घ्यावा आणि टाकी दोन दिवस रिकामी ठेवून ओल कमी होते का ते पाहावे. फक्त जोराच्या वाऱ्याबरोबर आलेल्या पावसातच भिंत ओली होत असेल, तर दोष स्लॅबचा नसून बहुधा बाहेरच्या प्लास्टरचा किंवा खिडकीवरच्या छज्जाचा असतो.

स्लॅबच्या गच्चीवर पाण्याच्या ठरलेल्या वाटा असतात: कठडा आणि स्लॅब यांचा सांधा, पन्हाळीचे तोंड, पाइप स्लॅबमधून आरपार जातो ती जागा, जिन्याच्या खोलीची भिंत, आणि जुन्या घराला नंतर खोली वाढवली असेल तर जुन्या-नव्या स्लॅबमधली फट. यांपैकी नेमकी कोणती जागा दोषी आहे हे पाहण्यासाठी वाळूचे किंवा मातीचे छोटे वरंबे करून गच्चीचे भाग पाडावेत आणि उताराच्या खालच्या बाजूपासून एकेका भागात पाणी भरून दिवसभर वाट पाहावी. या कामाला वेळ लागतो, पण ज्याला दोष कुठे आहे हे माहीत आहे तो घरमालक संपूर्ण गच्चीऐवजी चाळीस फूट सांध्याचे काम देऊन मोकळा होऊ शकतो.

तापी-गिरणेच्या काठच्या काळ्या मातीचा प्रश्न वेगळा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घराच्या भिंतींना आणि स्लॅबला दरवर्षी त्याच जागी भेग पडते. अशा भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी आडवी लावून तिच्यावर तारीख लिहावी. काही आठवड्यांत पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे असे समजावे, आणि तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे. हलत्या भेगेवर कितीही महागडे रसायन लावले तरी पुढच्या वर्षी वाद ठरलेलाच असतो, आणि त्या वादात कंत्राटदाराचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे असते.

ओलीचे डाग ताजे असतात तेव्हाच निदान सोपे जाते. सप्टेंबरमध्ये फोटो काढून, डागांभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवावी आणि दर मागवण्याचे काम ऑक्टोबरमध्येच करावे. प्रत्यक्ष काम फेब्रुवारी-मार्चमध्ये केल्यास पाणीही मिळते आणि ऊनही आवाक्यात असते. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मजूर मिळणे अवघड होते, आणि मेच्या अखेरीस तर सगळ्या गावाला एकाच वेळी गच्ची आठवते.

छत कोणते, माणूस कोणता

आपल्याकडे अजूनही तीन-चार प्रकारची छते एकाच गल्लीत दिसतात आणि प्रत्येकाचा कारागीर वेगळा असतो. जुन्या धाब्याच्या घराला लाकडी कड्या, त्यावर फळ्या आणि वर खारी माती असते; तिथे दर उन्हाळ्यात मातीचा थर नीट करून उतार राखणारा गावातला जाणता माणूसच लागतो, आणि त्यावर सिमेंटचा थर टाकून द्या असे सुचवणाऱ्याला नम्रपणे परत पाठवावे, कारण त्या वजनाने कड्या वाकतात आणि कोंडलेल्या ओलीने कुजतात. सातपुड्याच्या बाजूला कौलारू घरांची शाकारणी पावसाआधी दरवर्षी करावीच लागते आणि तिचा वाद सहसा होत नाही. वाद होतात ते स्लॅबचे आणि पत्र्यांचे.

स्लॅबसाठी मुख्यतः दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिला कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उतार दिलेला जाड थर, करणारा गवंडी, दुसरा लेप लावणारा, ज्याला सर्रास केमिकलवाला म्हटले जाते. उतार मुळातच नसेल आणि पाणी साचत असेल, तर कोब्याला पर्याय नसतो. उतार ठीक असून फक्त बारीक भेगा असतील तर लवचीक लेप पुरतो. कोबा सुचवला गेला की एक हिशेब अवश्य करावा. सरासरी चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस फुटाला १७ ते १८ किलोपर्यंत जाते, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १७ टनांहून अधिक कायमचे ओझे पडते. नव्या, नीट बांधलेल्या स्लॅबला ते पेलते. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा टाकायचा असेल तर मात्र इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय संमती देऊ नये. 'जुना उखडायला खर्च येतो, वरूनच करून टाकू' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे.

गच्चीचा वापरही सांगावा. खान्देशातल्या घरात उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे आणि पापड वाळतात, रात्री अंथरुणे पडतात, शिवाय आता सोलर पॅनेलही बसतात. काळा डांबरी मेम्ब्रेन उघडा ठेवला तर तो तापून पाय ठेवू देत नाही आणि खुर्ची ओढली की फाटतो. पातळ ॲक्रिलिक लेप रोजच्या वावराने झिजतो. कंत्राटदाराने हे प्रश्न स्वतःहून विचारले, तर तो कामाचा माणूस आहे असे समजायला हरकत नाही.

माणूस पारखताना फोटोंचा अल्बम फारसा उपयोगी पडत नाही. किमान दोन पावसाळे उलटून गेलेली त्याची दोन-तीन कामे पाहावीत आणि घरमालकाशी कंत्राटदाराच्या गैरहजेरीत बोलावे. 'गळाले का?' या प्रश्नापेक्षा 'गळाले तेव्हा तो आला का, आणि किती दिवसांनी आला?' या प्रश्नाचे उत्तर अधिक काही सांगून जाते, कारण थोडीफार गळती चांगल्या कारागिराच्या कामातही राहू शकते, पण फोन न उचलणारा माणूस दरवर्षी फोन उचलत नाही. सरकारी कामांसाठी नोंदणी असल्याचा फलक गाडीवर असला तरी घरगुती वॉटरप्रूफिंगमधले कसब त्यावरून सिद्ध होत नाही.

दर मागवताना

तीन जणांकडून कोटेशन घ्यावे हा सल्ला सगळेच देतात, पण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिले तर तुलना कशी करणार? म्हणून कामाचे वर्णन आपणच एका कागदावर लिहून तिघांनाही तेच द्यावे. त्यात जुने सैल प्लास्टर काढणे, भेगा रुंद करून भरणे, कठड्याच्या सांध्याला गोलाईदार वाटा मारणे, लेपाचे थर किती, मध्ये फायबर जाळी आहे की नाही, आणि राडारोडा कोण उचलणार हे सगळे असावे.

मोजमापाचा घोळ इथेच मिटवावा. समजा गच्ची २५ फूट गुणिले ४० फूट आहे. तळाचे क्षेत्रफळ १,००० चौरस फूट, म्हणजे १० ब्रास झाले. परंतु लेप कठड्यावर एक फूट चढवायचा असेल, तर १३० फूट परिघामुळे आणखी १३० चौरस फूट वाढतात. हे आधी बोलले गेले नाही, तर शेवटच्या बिलात ते 'जादा काम' म्हणून येतात आणि गळतीच्या आधीच पैशांचा वाद उभा राहतो. उक्ते काम द्यायचे असेल तरी मोजमाप कागदावर असू द्यावे.

जीएसटीबद्दल एवढे लक्षात ठेवावे की वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादाराला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे लहान कंत्राटदाराकडे क्रमांक नसणे हा दोष नव्हे. पण क्रमांक नसताना बिलात जीएसटी लावणे हा दोष आहे. बिल मात्र प्रत्येकाकडून घ्यावे. बिल नको, थोडे कमी करून देतो, ही सवलत गळतीच्या वेळी फार महाग पडते.

माल आपण आणावा की त्याने, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखा आहे. आपण दुकानातून आपल्या नावाने बिल घेऊन माल आणला, तर मालाची खात्री राहते, पण गळाल्यावर 'माल तुम्हीच आणला होता' हे उत्तर तयार असते. शिवाय स्वतः माल आणून, स्वतःच्या देखरेखीखाली रोजंदारीवर गवंडी लावला, तर ग्राहक आयोगापुढे सेवेतील त्रुटीचा दावा कमकुवत होतो. म्हणून शक्यतो मालासह काम द्यावे आणि मालाचे नाव व प्रकार करारात लिहावा.

करारात काय असावे

मुद्रांकावर केलेला करार चांगलाच, परंतु घरगुती कामात तो क्वचितच होतो. किमान कोटेशनवर 'वरील दर व अटी मान्य' असे लिहून दोघांनी तारखेसह सही करावी आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. तोंडी 'दहा वर्षे बघायचे नाही, भाऊ' या आश्वासनाचे वजन त्या कागदाइतके कधीच भरत नाही. हमीचा मजकूर साधारण असा लिहिता येईल:

'काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून पाच वर्षांत गच्चीच्या स्लॅबमधून, कठड्याच्या सांध्यातून किंवा पन्हाळीच्या तोंडातून गळती आढळल्यास, लेखी अथवा व्हॉट्सॲपवरील कळवणीनंतर सात दिवसांत पाहणी करून आणि पाऊस उघडल्यानंतर पंधरा दिवसांत माल व मजुरीसह विनामूल्य दुरुस्ती करून देण्याची जबाबदारी कंत्राटदाराची राहील. दुरुस्तीनंतर पुन्हा पाणी साठवून चाचणी घेण्यात येईल.'

या मजकुरात कोणत्या जागा, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, ही तीनही उत्तरे आहेत, आणि वादात नेमकी हीच विचारली जातात. लेपाच्या कंपनीची वॉरंटी वेगळी असते. ती अनेकदा फक्त मालाच्या दोषापुरती असते आणि मजुरी तिच्यात येत नाही, त्यामुळे 'कंपनीची गॅरंटी आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. काय हमीबाहेर आहे तेही प्रामाणिकपणे लिहावे: पाया खचणे, नंतर कोणी स्लॅबला पाडलेली छिद्रे, टाकीची गळती.

पैशांचे हप्ते कामाशी बांधावेत. माल आणण्यासाठी काही उचल देणे रास्त आहे, कारण लहान कंत्राटदाराकडे खेळते भांडवल नसते. पण निम्म्याहून अधिक रक्कम काम सुरू होण्याआधी मागितली गेली तर थांबावे. पुढचे हप्ते जुने प्लास्टर काढून भेगा भरल्यावर, लेप किंवा कोबा पूर्ण झाल्यावर आणि पाण्याच्या चाचणीनंतर द्यावेत. शेवटचे दहा टक्के दसऱ्यापर्यंत राखून ठेवण्याची अट सुरुवातीलाच मांडावी. जूनच्या पहिल्या सरींत कोरडा स्लॅब बरेच पाणी पिऊन टाकतो, आणि खरी गळती दिसते ती श्रावणातल्या झडीत, तीही बहुधा कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या रोटांसाठी घर पाहुण्यांनी भरलेले असताना. एक पूर्ण पावसाळा पाहूनच हिशेब मिटवणे म्हणून दोघांच्याही हिताचे आहे.

काम चालू असताना

ओळीने एवढे पाहावे. सैल भाग खरोखर काढला का? भेग नुसती वरून पुसली की कापून भरली? वाटा मारण्याआधी कोपरा झाडून, ओला करून घेतला का? हे टप्पे झाकले जाण्याआधी फोनमध्ये तारखेसह फोटो काढावेत, कारण नंतर वरचा लेप पाहून आतले काही कळत नाही.

मालाचे डबे सीलबंद आले पाहिजेत आणि बॅच क्रमांक व मुदतीची तारीख यांचा फोटो घ्यावा. डब्यावर एका डब्यात किती क्षेत्र होते ते छापलेले असते. समजा २० लिटरच्या डब्यात दोन थरांचे २०० चौरस फूट होतात असे लिहिले असेल, तर हजार चौरस फुटांना पाच डबे लागतात. तीनच रिकामे डबे शिल्लक दिसले, तर लेप पातळ केला आहे हे कोणत्याही तज्ज्ञाशिवाय कळते. रिकामे डबे काम संपेपर्यंत गच्चीवरून हलू देऊ नयेत, ही अट थोडी विचित्र वाटली तरी घालावी.

भर उन्हात लेप लावू देऊ नये. तापलेल्या स्लॅबवर तो नीट मुरण्याआधीच वाळतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावरच काम करावे. कोब्याला आणि सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावे, आणि हे पाणी कोण मारणार ते आधी ठरवावे. उंचावर काम करणाऱ्या माणसाला दोर आणि आधार मिळतो आहे का, आणि गच्चीजवळून जाणारी विजेची तार किती लांब आहे, याकडे घरमालकानेही लक्ष द्यावे.

पत्र्याच्या छताला वेगळी नजर लागते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर बसवलेला असावा, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. रबरी वॉशर नुसता दाबलेला हवा. यंत्राने करकचून आवळलेला वॉशर फाकतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. उताराच्या दिशेने दोन पत्रे एकमेकांवर किमान सहा इंच चढलेले असावेत. वळवाच्या वादळात कडेचे पत्रे आधी उडतात, म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ घ्यावेत.

पाणी साठवून चाचणी

ही चाचणी टाळण्याचे एकच कारण सांगितले जाते, ते म्हणजे पाणी नाही, आणि ज्या शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे ते खोटेही नसते. हजार चौरस फुटांच्या सपाट गच्चीवर दोन इंच पाणी उभे करायला सुमारे ४,७०० लिटर लागते, म्हणजे साधारण एक टँकर. तो कोण आणणार हे करारातच लिहावे. उतार असलेल्या गच्चीवर भाग पाडून कमी पाण्यात चाचणी होते. स्लॅब जुना, सळ्या उघड्या पडलेला असेल तर एवढे वजन टाकण्याआधी इंजिनिअरला विचारावे.

पन्हाळीची तोंडे घट्ट बंद करावीत, पाणी भरावे, कठड्यावर पातळीची रेघ मारावी आणि किमान ४८ तास वाट पाहावी. उन्हाळ्यात पातळी बाष्पीभवनानेही खाली जाते, आणि इथेच पहिला वाद होतो. त्यावर साधा उपाय असा की, गच्चीवर पाण्याने भरलेली पसरट घमेली ठेवावी, तिच्यातही रेघ मारावी आणि दोन्हींची घट ताडून पाहावी. घमेलीत बोटभर आणि गच्चीवर तीन बोटे घट झाली, तर उरलेले पाणी कुठेतरी गेले आहे. खाली ओल दिसो वा न दिसो, चाचणीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो काढून, एका ओळीची नोंद करून दोघांनी सही करावी.

गळती दिसली की

पहिल्या दिवशी भांडू नये, नोंद करावी. ठिबकण्याचा व्हिडिओ, डागाभोवती तारखेची रेघ, खराब झालेल्या सामानाचे फोटो, आणि कंत्राटदाराला त्याच दिवशी संदेश. 'गच्ची गळते आहे' एवढे न लिहिता 'उत्तरेकडच्या खोलीत, पन्हाळीच्या बाजूला, काल रात्रीच्या पावसापासून ठिबकत आहे. करारानुसार सात दिवसांत पाहणीस यावे' असे लिहावे. गच्चीवर ताडपत्री अंथरायला हरकत नाही, पण रागाच्या भरात दुसऱ्या गवंड्याला बोलावून काम उखडू देऊ नये. एकदा उखडले की दोष कोणाचा होता हे सिद्ध करणारी वस्तूच नाहीशी होते.

कंत्राटदार आला की त्याची उत्तरे ऐकावीत, कारण काही खरी असतात. 'सोलरवाल्यांनी छिद्रे पाडली' असे तो म्हणत असेल, तर छिद्र आणि ओलीची जागा यांचा संबंध पाण्याच्या चाचणीने तपासावा. सोलर नंतर बसवायचे असेल तर छिद्रे कोण सील करणार हे ज्याने त्याने लिहून द्यावे हेच योग्य. 'यंदा पाऊसच जास्त झाला' या उत्तरात मात्र काही अर्थ नाही, पाऊस येणार म्हणूनच तर पैसे दिले होते. 'स्लॅबच कच्चा होता' असे तो आता म्हणत असेल, तर काम घेताना त्याने ते का लिहून दिले नाही, असे शांतपणे विचारावे. एकमत होत नसेल तर महानगरपालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे परवानाधारक असलेल्या, दोघांशीही संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी आणि त्याचा लेखी अहवाल घ्यावा. पाहणीच्या वेळेची सूचना कंत्राटदाराला आधी लेखी द्यावी. तो आला नाही, तर तेही अहवालात नमूद व्हावे.

राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांपलीकडचे, नीट झालेल्या कामाचे पैसे अडवू नयेत. सगळेच पैसे अडवणारा घरमालक आयोगापुढे स्वतःच करार मोडणारा ठरू शकतो.

घर अपार्टमेंटमध्ये असेल तर वाट थोडी वेगळी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी असते आणि सदनिकेच्या आतली नळ-न्हाणीची गळती त्या सभासदाची, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी हुज्जत घालण्याआधी अर्ज संस्थेच्या सचिवांकडे द्यावा. प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदवलेला असेल, तर स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामातील दोष बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षांची ही मुदत अनेकांच्या हातून केवळ तोंडी तक्रारी करण्यात निघून जाते.

नोटीस, आयोग आणि लोक अदालत

दोन संदेशांना उत्तर आले नाही, तर लेखी नोटीस पाठवावी. वकील असणे आवश्यक नाही. कामाची तारीख, दिलेली रक्कम, हमीचे कलम, गळतीची तारीख, इंजिनिअरचा निष्कर्ष आणि 'पंधरा दिवसांत दुरुस्ती न केल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्यात येईल' एवढे एका पानात बसते. ती पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावी आणि तिचीच प्रत व्हॉट्सॲपवरही टाकावी. पोलिसांत जाण्याची घाई करू नये. काम निकृष्ट होणे आणि सुरुवातीपासून फसवणुकीचा हेतू असणे यांत फरक आहे, आणि पहिल्या प्रकारात पोलीस हा दिवाणी वाद आहे असे सांगून परत पाठवतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नोंदवलेल्या तक्रारीने एखादा कंत्राटदार हलतो, एखादा हलत नाही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, कामाचे मूल्य ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. घरगुती गच्चीचे जवळजवळ प्रत्येक काम याच मर्यादेत बसते. तक्रार स्वतः किंवा ऑनलाइन दाखल करता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे कंत्राटदार इंदूरचा किंवा सुरतेचा असला तरी नंदुरबारच्या ग्राहकाला तिकडे जावे लागत नाही. कायद्याला तीन महिन्यांत, चाचणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ धरून चालावे.

मागणी नेमकी असावी. दुरुस्तीचा खर्च मागायचा असेल तर दुसऱ्या कंत्राटदाराचे लेखी कोटेशन जोडावे. छताचे प्लास्टर, फर्निचर, वायरिंगचे नुकसान मागायचे असेल तर त्याची बिले जोडावीत. मानसिक त्रासापोटी मोठा आकडा लिहून मूळ मागणी हास्यास्पद करू नये. व्हॉट्सॲपचे संदेश पुराव्यात द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन आणि संदेश जपून ठेवावेत. फक्त स्क्रीनशॉट काढून मूळ संभाषण पुसून टाकू नये.

रक्कम लहान असेल आणि कंत्राटदार गावातलाच, रोज तोंड दिसणारा असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच, अर्ज देऊन लोक अदालतीत तडजोड करणे अधिक सोयीचे ठरते. तिथे दोघांची संमती लागते, पण एकदा तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचावा: दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या भागाची, कोणत्या मालाने, पाण्याची चाचणी पुन्हा कधी, तिचे पाणी कोण आणणार, राखून ठेवलेली रक्कम चाचणीनंतर किती दिवसांत द्यायची, आणि जुनी हमी चालू राहणार की दुरुस्तीच्या तारखेपासून नवी सुरू होणार. शेवटची ओळ बहुतेक कागदांत सुटलेली असते. ती तिथेच, दोघांसमोर, हाताने लिहून घ्यावी आणि तिच्याशेजारी दोघांच्या सह्या घ्याव्यात.